दिवे का जातात, आणि यायला उशीर का होतो?

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

घरातले दिवे गेले की आपण सगळेच एक गोष्ट न शिकवता करतो. खिडकीशी जाऊन बघतो, समोरच्यांचेही गेलेत का? त्यांचेही गेले असले तर उगीचच हायसं वाटतं! या सवयीला लोक हसतात. माझी सगळी नोकरी उपकेंद्रांत आणि नियंत्रण कक्षांत झाली, त्यामुळे मी हसत नाही. ही पहिली तांत्रिक तपासणीच आहे. आपल्या एकट्याच्याच घरात अंधार असेल तर दोष आपल्या फ्यूजपाशी किंवा मीटरपाशी. सगळी आळी अंधारात असेल तर कोपऱ्यावरच्या रोहित्रात, म्हणजे गावाकडे ज्याला सगळे 'डीपी' म्हणतात, त्यात. निम्मं गाव अंधारात असेल तर उपकेंद्रातून निघणाऱ्या फीडरवर. आणि नजर जाईल तिथपर्यंत उजेडच दिसत नसेल, तर घोटाळा फार मोठा आहे आणि कदाचित तो आपल्यापासून हजार किलोमीटर लांब झालेला आहे.

यातल्या पहिल्या तीन प्रकारांची आपल्याला सवय आहे. वायरमन येतो, खांबावर चढतो, दिवे येतात. आज मला बोलायचं आहे ते चौथ्या प्रकाराबद्दल. एखादं शहर, एखादं राज्य किंवा अर्धा देश एकदम अंधारात जातो तो कसा? आणि गेलेली वीज बटन दाबल्यासारखी परत का येत नाही?

साठा नसलेलं दुकान

विजेची सगळी गंमत आणि सगळी अडचण एकाच गोष्टीत आहे. तारांमध्ये वीज साठून राहत नाही. धान्याचं कोठार असतं, पाण्याची टाकी असते, गॅसचा सिलिंडर असतो. तसं विजेचं मोठं कोठार नाही. अलीकडे मोठ्या बॅटऱ्या आणि धरणात पाणी पुन्हा वर चढवून ठेवणारे प्रकल्प आले आहेत, पण देशाच्या एकूण गरजेपुढे ते अजून छोटेच आहेत. तुम्ही आत्ता पंखा लावलात, तर त्याला लागणारी वीज आत्ता, याच क्षणी कुठल्यातरी केंद्रात तयार व्हावी लागते. मागणी आणि उत्पादन यांचा हिशेब महिन्याअखेरीस जुळवून चालत नाही. तो क्षणोक्षणी जुळावा लागतो.

तो जुळतो आहे की नाही हे कळतं कसं? तुम्ही पिठाच्या गिरणीत उभे राहिला असाल तर हे लगेच समजेल. गिरणीवाल्याने दळण टाकलं की इंजिनाचा आवाज बसतो, चाक जरा मंद होतं. दळण संपलं की इंजिन हलकं होऊन जोरात पळायला लागतं. अनुभवी गिरणीवाल्याला बघावं लागत नाही, नुसत्या आवाजावरून कळतं. वीजकेंद्रातल्या जनित्रांचंही असंच आहे. मागणी वाढली की ती मंद होतात, मागणी घटली की वेग घेतात. हा वेग म्हणजेच फ्रिक्वेन्सी. आपल्या देशात ती ५० हर्ट्झ ठरलेली आहे. औष्णिक केंद्रातलं मोठं जनित्र त्यासाठी मिनिटाला ३००० फेरे घेतं. नागपूरजवळच्या कोराडीचं आणि पंजाबातल्या रोपडचं जनित्र एकमेकांना कधी भेटत नाहीत, पण दोघं एकाच तालात फिरत असतात. सगळा देश तारांनी जोडलेला असल्यामुळे ताल चुकला तर सगळ्यांचा चुकतो.

हा ताल ४९.९० ते ५०.०५ एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात राखावा, असा आपल्याकडचा नियम आहे. नियंत्रण कक्षात भिंतीवर मोठ्या आकड्यांत फ्रिक्वेन्सी दिसत असते. तिथे काम करणारा माणूस चहा पितानाही एक डोळा त्या आकड्यावर ठेवतो. आईचं लक्ष जसं गॅसवरच्या दुधाकडे असतं, तसं.

५ एप्रिल २०२०ची रात्र आपल्या सगळ्यांना आठवत असेल. टाळेबंदी होती आणि रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं घरातले दिवे बंद करून पणत्या लावायचं आवाहन झालं होतं. आपण गॅलरीत पणत्या लावत होतो तेव्हा देशभरच्या नियंत्रण कक्षांतली माणसं श्वास रोखून बसली होती. मागणी १२ ते १४ हजार मेगावॅटने उतरेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात ती काही मिनिटांत सुमारे ३१ हजार मेगावॅटने उतरली. तेव्हाच्या सबंध महाराष्ट्राच्या कमाल मागणीहूनही हा आकडा मोठा होता. नऊ मिनिटांनी ती तेवढीच पुन्हा चढणार होती. जलविद्युत केंद्रांतलं पाणी पटकन कमी करता येतं आणि पटकन वाढवता येतं, म्हणून त्या रात्री मुख्य मदार त्यांच्यावर ठेवली होती. काहीही बिघडलं नाही आणि काहीही बिघडलं नाही म्हणून त्याची फारशी चर्चाही झाली नाही. आमच्या धंद्यात चांगलं काम झालं की ते कुणाला दिसत नाही.

जोडण्याचा फायदा आणि धोका

मग कुणी विचारेल, एवढी जोखीम आहे तर सगळा देश एकमेकांना जोडलाच कशाला? आपापल्या गावचं वीजघर आपापल्या गावाला पुरेल!

पूर्वी तसंच होतं. खोपोलीच्या जलविद्युत केंद्राची वीज १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली, तेव्हा एक केंद्र आणि त्याचं एक गिऱ्हाईक-शहर अशीच रचना होती. पण एकटं केंद्र बंद पडलं की सगळं शहर बंद. दोन केंद्रं जोडली तर एक बंद पडल्यावर दुसरं थोडा भार उचलतं. शंभर जोडली तर एखादं बंद पडल्याचं घरात कळतसुद्धा नाही. म्हणून आधी राज्यं जोडली गेली, मग उत्तर, पश्चिम, पूर्व, ईशान्य आणि दक्षिण असे पाच विभाग झाले. २००६ पर्यंत दक्षिण सोडून बाकीचे चार विभाग एका तालात आले. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने दक्षिणही जोडली गेली आणि देशाची ग्रीड एक झाली. ती शेवटची गाठ आपल्या सोलापुरात मारली गेली, हे फार थोड्यांना माहीत असतं.

ग्रीड म्हणजे एका परीने गावाची सामाईक विहीर. सगळ्यांच्या पाळ्या ठरलेल्या. प्रत्येकाने आपल्या पाळीपुरतं पाणी घेतलं तर उन्हाळासुद्धा निभावतो. पण एकाने रात्री जास्तीचं पाणी ओढलं तर दुसऱ्या दिवशी तळ दिसतो आणि तो सगळ्यांनाच दिसतो. संकटात दहा जण हात देतात आणि एकाची चूक दहा जणांना भोवते, या दोन्ही गोष्टी त्या जोडण्यातूनच येतात.

आता या ग्रीडवर राखणदार असतात. त्यांना आम्ही रिले म्हणतो. वाहिनीवर झाड पडलं, तार तुटली, वीज कोसळली, तर हा रिले सेकंदाच्या काही शतांश भागात ब्रेकरला हुकूम देतो आणि वाहिनी बंद करतो. हे त्याचं कर्तव्यच आहे. नाही तर तारा वितळतील, रोहित्रं पेटतील आणि मग दिवे यायला तास नाही, महिने लागतील. मोठ्या रोहित्राला नवं रोहित्र रातोरात मिळत नाही. तेव्हा अंधार झाला म्हणजे यंत्रणा मोडली असंच काही नाही. पुष्कळदा ती स्वतःला वाचवण्यासाठी बाजूला झालेली असते. २६ जुलै २००५च्या महापुरात मुंबईच्या उपनगरांत पुष्कळ ठिकाणी वीज मुद्दाम बंद ठेवावी लागली होती. पाण्यात बुडालेल्या मीटर-खोल्यांमध्ये वीज सोडली असती तर माणसं दगावली असती.

पण राखणदार मुका आहे. त्याला फक्त आपल्या वाहिनीपुरतं दिसतं. व्होल्टेज किती आणि करंट किती, एवढ्यावरून तो ठरवतो की कुठे बिघाड आहे. वाहिनीवर प्रमाणाबाहेर भार आला, व्होल्टेज खाली गेलं, की त्याला ते लांबवरच्या बिघाडासारखंच दिसू शकतं. मग बिघाड नसतानाही तो वाहिनी बंद करतो. २०१२ मध्ये नेमकं हेच झालं.

दोन दिवस, एकच वाहिनी

जुलै २०१२चा शेवट. पाऊस लांबलेला, उकाडा भयंकर, उत्तरेकडे भाताला पाणी देण्यासाठी पंप रात्रंदिवस चालू. उत्तर विभागातली राज्यं आपल्या वाट्यापेक्षा जास्त वीज ओढत होती. पश्चिम विभागात, म्हणजे आपल्याकडे, त्याच वेळी ठरल्यापेक्षा जास्त वीज ग्रीडमध्ये जात होती. ती सगळी वीज पश्चिमेकडून उत्तरेकडे धावत होती आणि वाटेतल्या काही वाहिन्या कामासाठी किंवा अन्य कारणाने बंद होत्या. मध्य प्रदेशातल्या बीना ते ग्वाल्हेर या ४०० किलोव्होल्टच्या दोन वाहिन्यांपैकी एक दर्जा वाढवण्याच्या कामासाठी बंद होती. सगळा लोंढा दुसरीवर आला.

३० जुलैला मध्यरात्रीनंतर २ वाजून ३३ मिनिटांनी ही दुसरी वाहिनीही बंद झाली. झाड पडलं नव्हतं, तार तुटली नव्हती. भार पाहून रिलेला बिघाडाचा भास झाला. तिथून जाणारी वीज क्षणात दुसरी वाट शोधू लागली. पूर्वेकडून वळसा घालून उत्तरेकडे जाणारी ती वाट लांबची होती आणि अशा लोंढ्यासाठी नव्हती. त्या वाटेवरच्या वाहिन्याही एकेक करून बंद झाल्या आणि सगळा उत्तर विभाग तुटला. त्याच्याकडे मागणी जास्त आणि वीज कमी. फ्रिक्वेन्सी घसरली आणि केंद्रं आपला जीव वाचवण्यासाठी एकामागून एक बंद पडली. सुमारे ३६ हजार मेगावॅटचा भार अंधारात गेला. हे सगळं व्हायला लागला तो वेळ सेकंदांत मोजायचा.

दिवसभर खपून माणसांनी वीज परत आणली. दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला दुपारी एक वाजता, तीच वाहिनी पुन्हा बंद पडली. या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तिन्ही विभाग गेले. सुमारे ४८ हजार मेगावॅट. ज्या प्रदेशात साठ कोटींहून अधिक माणसं राहतात, तो प्रदेश भर दुपारी थांबला. आगगाड्या वाटेत उभ्या राहिल्या, दिल्लीची मेट्रो थांबली, पश्चिम बंगालमध्ये कोळशाच्या खाणीत उतरलेले मजूर पाळणा बंद पडल्यामुळे खालीच अडकले. सुदैवाने ते सुखरूप वर आले.

आपल्याकडे महाराष्ट्रात त्या दोन्ही दिवशी दिवे होते. आपण फार शहाणे होतो म्हणून नव्हे. विभाग तुटले तेव्हा जास्तीची वीज आपल्या बाजूला राहिली. इथली फ्रिक्वेन्सी ५१ च्या वर चढली, काही जनित्रं आपोआप बंद झाली आणि तोल सांभाळला गेला. दक्षिण विभाग तेव्हा बाकीच्या ग्रीडशी एका तालात जोडलेला नव्हता, म्हणून तोही वाचला.

यावर केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या अध्यक्षांच्या नेतृत्वाखाली चौकशी समिती बसली आणि ऑगस्ट २०१२ मध्ये तिचा अहवाल आला. त्यातलं एक निरीक्षण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. धोका आधी दिसत होता. जास्त वीज ओढू नका आणि जास्त वीज सोडू नका, अशा सूचना विभागीय भार प्रेषण केंद्रांकडून दिल्या गेल्या होत्या. त्यांना राज्यांकडून पुरेसा प्रतिसाद मिळाला नाही. म्हणजे माहिती होती, इशारा होता, फोन होता. पाळी पाळली गेली नाही.

कुणाला अंधारात ठेवायचं?

पाळी पाळायची म्हणजे काय करायचं, हे जरा उघड करून सांगतो. मागणी जास्त झाली आणि वीज कमी पडली तर कुणाची तरी वीज बंद करावी लागते. यासाठी फ्रिक्वेन्सीवर चालणारे वेगळे रिले असतात. ताल ठरावीक आकड्याखाली गेला की ते काही फीडर आपोआप तोडतात. नाव बुडू नये म्हणून थोडं सामान पाण्यात टाकावं, तसं. ताल फारच खाली, ४७.५ च्या आसपास गेला, की केंद्रं थांबायलाच लागतात, म्हणून त्याआधी हे व्हावं लागतं. २०१२ मध्ये या यंत्रणेतून जेवढा भार कमी व्हायला हवा होता तेवढा झाला नाही, असं समितीने नोंदवलं. का होत नाही? कारण आपल्या गावचा फीडर त्या यादीत असावा असं कुणालाच वाटत नाही.

भारनियमनाच्या वर्षांत मी एका मोठ्या उपकेंद्रात पाळीवर होतो. वरून फोन आला, अमुक इतके मेगावॅट ताबडतोब कमी करा. यादीत पहिला होता तो फीडर बंद करणार, एवढ्यात दुसरा फोन वाजला. तालुक्याच्या गावातले एक डॉक्टर होते. म्हणाले, "साहेब, बाई टेबलावर आहे, सिझेरियन चालू आहे, जनरेटरने मान टाकलीय. मला वीस मिनिटं द्या." मी तो फीडर ठेवला आणि यादीतला पुढचा बंद केला. वीस मिनिटांनी त्यांचा पुन्हा फोन आला, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. कक्षातल्या सगळ्यांना आनंद झाला. पण मी जो दुसरा फीडर बंद केला, त्यावर काय काय होतं हे मला माहीत नव्हतं. त्यावरही गाव होतं, दवाखाना असेल, कुणी म्हातारं माणूस श्वासाच्या यंत्रावर असेल. त्यांच्यापैकी कुणाकडे माझा फोन नंबर नव्हता, एवढाच फरक.

म्हणून मला वाटतं की कुणाला आधी बंद करायचं हा निर्णय फोन करणाऱ्याच्या ओळखीवर किंवा पाळीवरच्या माणसाच्या दयेवर सोडू नये. रुग्णालयं, पाणीपुरवठा, रेल्वे यांचे फीडर वेगळे असावेत. बाकीच्यांची पाळी आधी ठरलेली आणि जाहीर असावी. जिथे असं केलेलं आहे तिथे लोक कुरकुरतात, पण सहन करतात. माणसाला अंधारापेक्षा अन्यायाचा राग जास्त येतो.

मुंबईचं बेट

आता मुंबईकडे येऊ. देशात फार थोड्या शहरांकडे होती अशी एक सोय मुंबईकडे १९८१ पासून आहे. बाहेरच्या ग्रीडमध्ये गडबड झाली की मुंबईने स्वतःला तोडून घ्यायचं आणि आपल्या हक्काच्या केंद्रांवर तग धरायचा. याला आयलँडिंग म्हणतात. शहराचं तेवढ्यापुरतं विजेचं बेट होतं. या सोयीमुळे अनेकदा बाहेर अंधार असताना मुंबईत दिवे राहिले आणि मुंबईकरांना त्याचा पत्ताही लागला नाही. मुंबईत लाइट जात नाही, ही ख्याती बऱ्याच अंशी या बेटाची.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास ही ख्याती गेली. मुंबईकडे बाहेरून वीज आणणाऱ्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांपैकी काही आधीच बंद होत्या. उरलेल्यांवर भार आला आणि कळवा-पडघे परिसरातल्या वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या. बेट व्हायला हवं होतं, पण ते टिकलं नाही. त्या वेळी शहराच्या हक्काच्या केंद्रांत जेवढी वीज तयार होत होती, ती शहराच्या मागणीपुढे फार थोडी होती. बेट झालं तरी त्यावरच्या सगळ्यांना पुरेल एवढं अन्न बेटावर असावं लागतं!

ते कोरोनाचे दिवस होते. लोकलमध्ये तेव्हा अत्यावश्यक सेवेतली माणसंच होती. ती रुळांवर चालत निघाली. रुग्णालयांत जनरेटर सुरू झाले. मुंबई विद्यापीठाच्या त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. रेल्वेला काही तासांत वीज मिळाली, पण काही उपनगरांत दिवे यायला रात्र झाली. पुढे यामागे सायबर हल्ला असल्याची चर्चा झाली. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मार्च २०२१ मध्ये मानवी चुकीकडे बोट दाखवलं. कारण कोणतंही धरा, एक गोष्ट उरतेच. आत तयार होणारी वीज महाग आणि बाहेरून येणारी स्वस्त, म्हणून आतली कमी ठेवली की रोजचं बिल कमी येतं. ते बिल एखाद्या सकाळी असं एकदम भरावं लागतं. बाहेरून वीज आणायच्या वाटाही वाढवायला हव्या होत्या. त्यातली खारघर-विक्रोळी ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी २०२३ मध्ये सुरू झाली.

परत यायला वेळ का?

या सगळ्यात सामान्य माणसाचा प्रश्न एकच असतो, "किती वेळ लागेल?" आणि नेमकं त्याचंच उत्तर आमच्याकडे पटकन नसतं. का, ते सांगतो.

औष्णिक केंद्र बंद पडलं की ते स्वतःच्या बळावर उठू शकत नाही. कोळसा दळायला, हवा फुंकायला, पाणी चढवायला त्याला आधी बाहेरून वीज लागते. वीज तयार करायला वीज हवी, असा हा पेच आहे. त्यातून वाट काढतात ती धरणं. जलविद्युत केंद्राला सुरू व्हायला छोटा डिझेल जनरेटर पुरतो. झडप उघडली, पाणी आलं, जनित्र फिरलं. याला ब्लॅक स्टार्ट म्हणतात. मग ती वीज एका वाहिनीने औष्णिक केंद्रापर्यंत न्यायची. वाटेत थोडासा भार जोडायचा, कारण रिकाम्या लांब वाहिनीवर व्होल्टेज भलतंच चढतं. केंद्र सुरू झालं की पुढचा तुकडा जोडायचा. दोन तुकडे जोडताना दोघांचा ताल अगदी एक असावा लागतो, नाही तर सगळं पुन्हा कोसळतं. वीज येते आणि पाच मिनिटांत परत जाते, तेव्हा पुष्कळदा असंच काहीतरी झालेलं असतं.

आणि इथे तुमचा-आमचाही हात असतो. तीन तास वीज नसल्यावर ती येते, त्या क्षणी सगळ्यांचे फ्रीज, एसी, पाण्याचे पंप, गीझर एकदम सुरू होतात. एरवी ते आळीपाळीने चालू-बंद होत असतात. त्यामुळे नेहमीपेक्षा कितीतरी जास्त भार एकदम अंगावर येतो आणि नुकताच उभा राहिलेला फीडर पुन्हा बसतो. म्हणून वीज गेली की मोठी उपकरणं बटनापाशी बंद करा, एखादा दिवा तेवढा चालू ठेवा. दिवा लागला की दहा मिनिटं थांबून एकेक सुरू करा. तुमची उपकरणंही वाचतील आणि तुमच्या आळीची वीजही टिकेल.

वीज गेली की तिच्यामागून बाकीच्या सेवाही जातात, फक्त जरा उशिरा. इमारतीच्या टाकीतलं पाणी अर्धा दिवस पुरतं. गावच्या नळयोजनेचं पाणी पंप बंद होताच थांबतं. मोबाइलच्या टॉवरला बॅटरी असते, ती काही तासांची. तोवर फोन चालतो, म्हणून आपण निर्धास्त असतो. मग एकाच वेळी फोन, एटीएम, फोनवरून पैसे देणं, पेट्रोल पंप, सगळं थांबतं. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये २८ एप्रिल २०२५ रोजी दुपारी हेच झालं. स्पेनमध्ये पाच सेकंदांत सुमारे १५ हजार मेगावॅट गेले आणि पुरती वीज यायला दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडली. खिशात रोख पैसे नसलेली माणसं दुकानाबाहेर उभी होती. आणि बातम्या कळाव्यात म्हणून लोकांनी बॅटरीवर चालणारे रेडिओ शोधून काढले, विकत घेतले, रस्त्यात टोळक्याने उभं राहून ऐकले. नभोवाणीवरून बोलताना हे सांगितल्यावाचून राहवत नाही!

वापरात नसलेली वस्तू

शेवटी पैशाचं बोलतो, कारण सगळं तिथेच अडतं. कधीतरी लागेल म्हणून बांधलेली दुसरी वाहिनी, तयार ठेवलेलं पण थांबलेलं जनित्र, एरवी कधी न वाजणारा रिले, या सगळ्यावर खर्च होतो आणि रोज त्यातून काही मिळत नाही. हिशेबनिसाला तो वायफळ वाटतो. अग्निशामक दलाची गाडी दिवसभर उभी असते, तिला कुणी वायफळ म्हणत नाही, कारण आग आपण डोळ्यांनी पाहिलेली असते. ग्रीड कोसळताना आपल्याला फक्त अंधार दिसतो आणि दिवे आले की आपण तो विसरतो.

तो विसरू नये असं ज्यांना वाटतं, त्यांनी एक साधा प्रश्न विचारावा. ग्रामसभेत विचारा, नगरसेवकाला विचारा. आपल्या सरकारी रुग्णालयातला जनरेटर शेवटचा कधी चालवून पाहिला? नुसता घरघर करून बंद केलेला नव्हे, तर ऑपरेशन थिएटरचा आणि अतिदक्षता विभागाचा पूर्ण भार देऊन चालवलेला. त्यात डिझेल किती तासांचं आहे? पाणीयोजनेच्या पंपाला दुसऱ्या फीडरची सोय आहे का? आणि घरी कुणी ऑक्सिजनच्या यंत्रावर असेल, तर त्यांचं नाव वीज कार्यालयात लिहून दिलेलं आहे का, घरात भरलेला एक सिलिंडर आहे का? ही उत्तरं दिवे असतानाच मिळवायची असतात. त्या डॉक्टरांना वीस मिनिटं मिळाली, कारण फोन लागला. प्रत्येक वेळी फोन लागेलच असं नाही.